नेरूळचे घर आणि कनेरी बेटांवरचे बिऱ्हाड

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात वसलेल्या, स्पेनच्या ताब्यातील कनेरी बेटांवर बारमाही सौम्य हवामान असल्याने उतारवयात तेथे जाऊन राहण्याची कल्पना नवी मुंबईतील सुस्थित दांपत्यांना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशा स्थलांतराचा सारा भार वाशी-नेरूळमधील मालमत्तेवर आणि तिच्या कागदपत्रांवर येतो.

स्पेनमध्ये कोणतेही काम न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्या परकीयांना निवासाचा स्वतंत्र व्हिसा मिळतो. त्यासाठी २०२५ मधील निकषानुसार अर्जदाराला दरमहा २,४०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक व्यक्तीमागे ६०० युरो एवढी ऐपत दाखवावी लागते. म्हणजे पतिपत्नींना महिन्याला सुमारे तीन लाख रुपयांची तजवीज हवी आणि नेरूळमधील दोन खोल्यांच्या फ्लॅटचे भाडे तेथे अगदीच तोकडे पडते. याशिवाय स्पेनमध्ये चालणारा आरोग्य विमा आणि पोलीस पडताळणीचा दाखला लागतो. हा दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ हे प्रमाणन घेऊन त्याचा स्पॅनिश अनुवाद करावा लागतो. घर विकत घेऊन निवासाचा हक्क मिळवण्याची ‘गोल्डन व्हिसा’ योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली.

फ्लॅट विकायचा म्हटला, तर इमारतीखालची जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने भाडेपट्ट्याने दिलेली असल्यास सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क चुकत नाही. तो भाड्याने दिला, तर मालक अनिवासी झाल्यावर भाडेकरूला भाड्यातून कर कापून उरलेली रक्कम मालकाच्या ‘एनआरओ’ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नाच्या खात्यात, भरावी लागते. वर्षात १८३ दिवसांहून अधिक काळ स्पेनमध्ये राहणारा तेथील करदाता ठरतो आणि परदेशातील स्थावर मालमत्ता ५०,००० युरोंहून अधिक किमतीची असल्यास ती ‘मोदेलो ७२०’ या विवरणपत्रात जाहीर करणे त्याला बंधनकारक असते. नवी मुंबईतील बहुतेक फ्लॅट ही मर्यादा सहज ओलांडतात, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घेतलेले बरे.

कनेरी बेटांवर भारतीय चेहरे नवे नाहीत, कारण १८५२ मध्ये बेटांवरील बंदरे करमुक्त झाल्यानंतर त्या शतकाच्या उत्तरार्धात सिंधी व्यापारी लास पाल्मास आणि सांता क्रुझ येथे पोहोचले. आज मात्र सुमारे २२ लाख लोकवस्तीच्या या बेटांवर वर्षाला दीड कोटीहून अधिक पर्यटक येतात, घरे पर्यटकांना दिली जातात आणि स्थानिकांना परवडणारे भाडे उरत नाही. याविरुद्ध २० एप्रिल २०२४ रोजी हजारो लोक रस्त्यावर उतरले. हा संताप नवी मुंबईकराला तरी परका वाटू नये. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, त्यात पोलीस गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले. नवी मुंबईचा बराच भाग अशाच संपादित जमिनीवर उभा आहे. म्हणून बेटावर जाणाऱ्याने पर्यटकांसाठीची घरे टाळावीत, दीर्घ मुदतीचा निवासी करार करावा आणि नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत, म्हणजे ‘पाद्रोन’मध्ये, आपले नाव नोंदवून घ्यावे.