व्याजदराआधी ठेवीचा विमा पाहा

निवृत्तीनंतर हाती आलेली भविष्य निर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम कोठे ठेवावी, असा प्रश्न पडला की बहुतेक घरांत पहिली चौकशी होते ती व्याजदराची. अर्धा-पाऊण टक्का जादा मिळतो म्हणून आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी गुंतवली जाते. ती संस्था अडचणीत आली तर त्यातील किती रक्कम हमखास परत मिळेल, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक आर्थिक नियोजनाची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी.

१९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर ठेवीदारांच्या संरक्षणाची निकड प्रकर्षाने जाणवली आणि १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा योजना सुरू झाली. त्या वेळी विम्याची मर्यादा अवघी १५०० रुपये होती. १ मे १९९३ पासून ती १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा व पत हमी महामंडळ ही योजना राबवते. विम्याचा हप्ता बँक भरते; ठेवीदाराला त्यासाठी काहीही द्यावे लागत नाही.

मर्यादा मोजण्याची पद्धत नीट समजून घ्यायला हवी. एका बँकेच्या सर्व शाखांतील बचत, चालू, मुदत आणि आवर्ती खात्यांची बेरीज केली जाते. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच संरक्षण मिळते. म्हणजे १२ लाख रुपये एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवले तरी विमा ५ लाखांचाच राहतो. तेच १२ लाख तीन निरनिराळ्या बँकांत ४-४ लाख करून ठेवले, तर मुद्दल आणि वर्षाचे व्याज विम्याच्या कक्षेत येते. संयुक्त खात्याचा विचार वैयक्तिक खात्याहून वेगळा केला जातो. त्याच बँकेचे कर्ज थकले असेल, तर ते वजा करून उरलेली रक्कम मिळते.

हे कवच राष्ट्रीयीकृत, खासगी, स्मॉल फायनान्स, तसेच नागरी, जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँकांतील ठेवींना आहे. सहकारी पतसंस्थांना ते लागू नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. गावातील पतसंस्था परिचयाची, संचालक ओळखीचे आणि व्याज जास्त, एवढ्या भरवशावर ठेव ठेवणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. अनेक पतसंस्था उत्तम चालतात. पण चांगला कारभार आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विमा असला तरी पैसे अडकण्याचा धोका राहतोच. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना केवळ १००० रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु ५ लाखांवरील रकमा फेडण्यासाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत ठरली. दरम्यान, २०२१ मधील कायदादुरुस्तीनुसार, निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. पूर्वी त्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे.

मोठी रक्कम असणाऱ्या ज्येष्ठांना टपाल कार्यालयाचाही पर्याय आहे. तेथील बचत योजनांमागे केंद्र सरकारची हमी असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये करण्यात आली.

एक लाखाच्या ठेवीवर एक टक्का जादा व्याज म्हणजे वर्षाला १००० रुपये. तेवढ्या लाभासाठी संपूर्ण मुद्दल विम्याच्या कक्षेबाहेर ठेवायचे काय, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने ठेवीच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच केलेला बरा.