अंतर जास्त, वेळ कमी : दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानप्रवासाचं गणित

अंतराला वेगानं भागलं की वेळ मिळतो, हे आपण शाळेत शिकलो. आज असं उदाहरण घेऊ, जिथे हे गणित चक्क उलटं पडल्यासारखं वाटतं.

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. हे सर्वांत जवळचं अंतर, सुमारे १२,४०० किलोमीटर. दोरा हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडून आर्क्टिकच्या कडेनं जातो. पण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तातडीनं सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटचं पठार त्याहून उंच आहे! म्हणून विमानं सहसा तो भाग टाळतात.

एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं गेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? सुमारे साडेचौदा तास. आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

हे कसं? नदीत पोहणारा माणूस आठवा. प्रवाहाबरोबर तो झपाट्यानं पुढे जातो, उलट दिशेनं तितकेच हात मारून मागे पडतो. विमानही वाहत्या हवेत ‘पोहत’ असतं. हवेच्या तुलनेत त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरू. आता १५,३०० ला साडेचौदानं भागा. उत्तर येतं ताशी १,०५५. वरचे दीडशे वाऱ्यानं दिले. उलट पश्चिमेला जाताना समोरून सरासरी ५० चा वारा असला, तरी वेग ८५० वर येतो आणि १३,९०० किलोमीटरला सोळा तासांहून जास्त लागतात.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा. हिवाळ्यात जपानच्या आसपास तो फार जोरदार असतो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. निष्कर्ष छापले एस्पेरांतो भाषेत, त्यामुळे जगाचं फारसं लक्षच गेलं नाही.

आता नेहमीचा प्रश्न : ‘पृथ्वी खालून फिरते, म्हणून फरक पडतो का?’ नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. शिवाय पृथ्वी फिरते पूर्वेकडे. ती विमानाखालून नुसती सरकत असती, तर पश्चिमेला जाणं सोपं झालं असतं. अनुभव नेमका उलटा आहे.

मग परतताना? परतीचं विमान अटलांटिकवरून यायचं. म्हणजे जाताना पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडेच. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा!

यात नुसती हौस नाही. तास वाढले की इंधन वाढतं, इंधनाचं वजन वाढतं, आणि ते वाहून नेण्यासाठी कधी माल, कधी प्रवासी कमी करावे लागतात. म्हणून लांबच्या उड्डाणाचा मार्ग ठरवताना नकाशाइतकंच त्या दिवशीच्या वाऱ्याकडे बघतात. सूत्र शाळेतलंच आहे, मित्रहो. फक्त त्यात भरायचा वेग वाऱ्यासकट घ्यायचा.