कार्पेट धुण्याच्या दोन पद्धती : गरम पाण्याची व कमी पाण्याची

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी बरेच जण हॉटेले, बँका, इस्पितळे व खाजगी कचेऱ्यांत हाऊसकीपिंगच्या कामावर आहेत. कोणी सुपरवायझर आहे, कोणी स्वतःचे लहानसे कंत्राट चालवतो. लादी, काचा, संडास-बाथरूम यांच्या सफाईचे ज्ञान अनुभवाने येते. परंतु कार्पेटचा विषय निघाला की जाणती माणसेही "शाम्पू मारून टाका" एवढेच सांगून मोकळी होतात. कार्पेट ही महाग वस्तू आहे. ती बिघडली तर भरपाई कंत्राटदाराच्या बिलातून, आणि पुष्कळदा शेवटी कामगाराच्या पगारातून वसूल होते. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रीय माहिती सभासदांना व विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हे लिहीत आहे.

प्रथम कार्पेटमधील मळ कोणता ते पाहू. त्यातील बराच मोठा भाग कोरडा असतो : बुटांबरोबर आलेली माती, बारीक वाळू, धूळ, कपड्यांचे तंतू. उरलेला तेलकट व चिकट असतो. कोरडा मळ पाण्याने धुवायचा नसून हवेने ओढून काढायचा असतो. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने 1901 साली हवा ओढून धूळ काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून हे काम सोपे झाले आहे. तरीही आपल्याकडे व्हॅक्यूम न करता थेट पाणी मारण्याची घाई होते. मग कोरड्या धुळीचा चिखल होतो, आणि चिखल काढणे धूळ काढण्यापेक्षा कितीतरी कठीण. पुढे सांगितलेली कोणतीही पद्धत वापरा, व्हॅक्यूम सावकाश व उभा-आडवा दोन्हीकडून आधी झालाच पाहिजे.

राहिलेला चिकट मळ कसा सुटतो? हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 साली याचे सोपे सूत्र मांडले. सफाईत चार गोष्टी लागतात : रसायन, घासणे, उष्णता आणि वेळ. यांपैकी एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. आपल्या घरचे भांडे घ्या. करपलेले पातेले गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवले तर सकाळी हलक्या हाताने निघते. लगेच घासायचे तर राख आणि मनगटाचा जोर लागतो. कार्पेटच्या दोन पद्धतींतला फरक नेमका हाच आहे. एकीत उष्णता व पाणी यांचा वाटा मोठा, दुसरीत रसायन व घासणे यांचा.

गरम पाण्याच्या पद्धतीला बाजारात 'स्टीम क्लीनिंग' म्हणतात. हे नाव चुकीचे आहे, कारण त्यात वाफेने सफाई होत नाही. आधी डिटर्जंटचे द्रावण फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, ब्रशने हलकेच चोळायचे. मग यंत्राच्या तोंडातून गरम पाणी दाबाने लवेत सोडायचे आणि त्याच तोंडाच्या दुसऱ्या फटीतून ते मळासकट लगेच ओढून घ्यायचे. लवेच्या मुळाशी गेलेला मळ, सांडलेला चहा, लहान मुलांची घाण, जुन्या शाम्पूचा साचलेला थर हे सारे काढायला हिच्यासारखी पद्धत नाही. परदेशातील अनेक कार्पेट उत्पादक हिचीच शिफारस करतात.

परंतु या पद्धतीचे सारे यश 'ओढून घेण्या'वर अवलंबून आहे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1997 च्या जुलै महिन्यात मुंबईत एका कचेरीचे कार्पेट मी सुपरवायझर म्हणून शनिवारी रात्री गरम पाण्याने धुऊन घेतले. यंत्राची रबरी नळी एका ठिकाणी चिरलेली होती, त्यामुळे ओढ कमी पडत होती. ते माझ्या लक्षात आले होते. पण काम उरकायचे होते. रविवारी एअरकंडिशनर बंद, खिडक्या बंद, बाहेर पावसाची झड. सोमवारी दार उघडताच कुबट वास आला, आणि फिक्या रंगाच्या कार्पेटवर तपकिरी ढग उमटले होते. बिलातून मोठी रक्कम कापली गेली. माझ्या हाताखालच्या दोघा मुलांचा आठवड्याचा पगारही गेला, त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

ते तपकिरी ढग कोठून आले, हे मला पुढे कळले. कार्पेटच्या खाली तागाचे अस्तर होते. ताग फार वेळ ओला राहिला, आणि त्यात अल्कलीयुक्त डिटर्जंट असले, तर त्याचा नैसर्गिक रंग सुटतो. समईच्या वातीतून तेल वर चढते, तसे पाणी वाळताना लवेच्या टोकाकडे चढते आणि तो रंग वर आणून सोडते. खोल मुरलेला जुना डाग धुतल्यावर नाहीसा होतो व दुसऱ्या दिवशी परत दिसतो, तोही याच वातीच्या न्यायाने. तागाचा तपकिरीपणा लिंबूसत्वाच्या किंवा व्हिनेगरच्या सौम्य द्रावणाने पुष्कळसा निघतो. मात्र आधी कोपऱ्यात रंग पक्का आहे का ते पाहावे, आणि नंतर कार्पेट तत्काळ वाळवावे. तागाचे किंवा सुती अस्तर असलेले विणीचे कार्पेट जास्त भिजले तर आकसते, हा आणखी एक धोका.

यावर मी तेव्हापासून एक साधी युक्ती वापरतो. यंत्राच्या स्वच्छ टाकीत किती पाणी भरले आणि घाण टाकीत किती परत आले, ते वहीत लिहायचे. समजा चाळीस लिटर गेले आणि अठ्ठावीस आले, तर बारा लिटर कार्पेटच्या पोटात आहे. अशा वेळी पुढे न जाता आधी नळी, गाळणी व टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे. पाण्याचा एक हात मारला की नुसत्या ओढीचे दोन हात मारावेत. काम नीट झाले तर कार्पेट साधारण सहा ते बारा तासांत वाळते. चोवीस तासांच्या पुढे ओले राहिले तर बुरशीची भीती धरावी. पंखे लावावेत, आणि एअरकंडिशनर चालू ठेवण्याची लेखी परवानगी काम घेतानाच मागावी. तोंडी परवानगीवर रात्री वॉचमन बटण बंद करून जातो!

आता कमी पाण्याची पद्धत. हिचे तीन प्रकार आपल्याला भेटतात. पहिला बोनेटचा. लादी घासण्याच्या गोल यंत्राखाली ओलसर जाड कापडी पॅड लावून फिरवतात. काम झटपट होते, वरून कार्पेट उजळ दिसते. परंतु मळ वरवरचाच निघतो, पॅड वेळीच उलटले वा बदलले नाही तर एका जागचा मळ दुसऱ्या जागी पसरतो, आणि लवेवर गोल वळसे उमटतात. दुसरा प्रकार भुकटीचा. लाकडाच्या भुश्यासारखी ओलसर भुकटी पसरून ब्रशने आत घालतात, ती मळ शोषते, मग व्हॅक्यूम करतात. पाण्याला अजिबात न सोसणाऱ्या कार्पेटसाठी ती चांगली. जाड लवेत मात्र भुकटी अडकून राहते.

तिसरा प्रकार 'एनकॅप्सुलेशन'चा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो बराच पुढे आला, आणि विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. साधा शाम्पू वाळला की चिकट राहतो. त्या चिकटपणाला बुटांची धूळ धरते, आणि धुतलेले कार्पेट न धुतलेल्यापेक्षा लवकर मळते. एनकॅप्सुलेशनच्या द्रावणात डिटर्जंटबरोबर असे पॉलिमर असते की जे वाळताना मळाच्या कणाभोवती कवच धरते व ठिसूळ होते. ते कण पुढच्या व्हॅक्यूममध्ये निघून जातात. कार्पेट तास-दोन तासांत वाळते. विक्रेता कोणतेही रसायन 'एनकॅप' म्हणून विकत असेल तर घरी तपासता येते. बशीत थोडे ओतून दोन दिवस वाळू द्यावे. नखाने खरवडल्यावर कोरडा चुरा झाला तर माल खरा; बोटाला चिकटले तर तो नुसता शाम्पूच.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे. येथे मळ धुऊन बाहेर निघत नाही. जे काही निघते ते पॅडला लागून किंवा व्हॅक्यूमने. खाली अस्तरापर्यंत गेलेले दूध किंवा लघवी वरच्या ओलसर ब्रशने निघणार नाही, वास तसाच राहील. शिवाय पुढे रोजचा व्हॅक्यूम नीट होत नसेल, तर कवचात बांधलेला मळ तेथेच राहणार.

पद्धत ठरवण्यापूर्वी कार्पेट कशाचे आहे ते ओळखावे. कोपऱ्यातील एक तंतू चिमट्यात धरून जाळावा. केस जळल्याचा वास आला व राख चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. न जाळलेला तंतू डिटर्जंटच्या थेंबाने ओला करून पाण्याच्या पेल्यात बुडवावा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, नायलॉन व पॉलिएस्टर बुडतात. पॉलिप्रॉपिलीन पाणी शोषत नाही म्हणून लवकर वाळते, पण तेलकट मळ घट्ट धरते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागते, म्हणून हाताच्या स्पर्शावर विसंबू नये. तीव्र अल्कली आणि कढत पाण्यात घासणे, दोन्ही तिला मारक. भदोही किंवा काश्मीरचा हातगाठीचा लोकरी गालिचा असेल तर तो जागेवर धुऊच नये. उचलून जाणकार धुलाईवाल्याकडे द्यावा.

माझ्या मते कचेरीच्या वर्दळीच्या वाटांवर दर दोन-तीन महिन्यांनी कमी पाण्याची पद्धत, आणि वर्षातून एकदा सबंध कार्पेटला गरम पाणी, हा क्रम बरा. दोन्हींपैकी एकच कायम चालवणे तोट्याचे. गरम पाण्याचा महिना मात्र गाव पाहून ठरवावा. नागपूरच्या मे महिन्यात ओले कार्पेट बघता बघता वाळते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवाच पाण्याने भरलेली असते, तेथे हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीपर्यंत थांबवावे. मध्येच काही सांडले तर तेवढीच जागा धुऊन पंख्याखाली वाळवावी. कोटेशन देताना 'कार्पेट शाम्पूइंग' असा मोघम शब्द लिहू नये. पद्धत कोणती, अस्तर कशाचे, किती तास खोली बंद ठेवावी लागेल आणि तेवढा वेळ हवा चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे चारही मुद्दे लिहून खाली ग्राहकाची सही घ्यावी. एक प्रत कामावर जाणाऱ्या मुलाच्या खिशात असावी.