पक्षाघातानंतर पाऊल फरफटते? स्प्लिंट कपाटात ठेवू नका

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर रुग्ण हळूहळू उभा राहतो, चालू लागतो. पण अनेकांच्या एका पायाचा पंजा खाली पडतो आणि बोटे जमिनीला घासतात. याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. उंबरठ्याला किंवा पायपुसण्याला पाय अडकून रुग्ण पडतो. खुब्याचे हाड मोडले, तर तो पुन्हा अंथरुणाला खिळतो.

असे का होते?

पाऊल पुढे टाकताना नडगीच्या पुढचा स्नायू पंजा वर उचलून धरतो. पक्षाघातात मेंदूकडून त्याला नीट संदेश मिळत नाही. मग रुग्ण कंबर उचलून किंवा पाय बाहेरून फिरवून पुढे आणतो. त्यामुळे लवकर थकवा येतो आणि तोल जातो.

स्प्लिंट काय करतो?

‘एएफओ’ हा पोटरीच्या मागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा आधार असतो. तो घोटा साधारण काटकोनात धरतो, त्यामुळे बोटे जमिनीला घासत नाहीत. पायाचे माप घेऊन तो बनवता येतो. मुंबईत हाजी अलीजवळच्या ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ या सरकारी संस्थेत असे आधार तयार होतात.

“सवय लागली तर पाय आणखी कमजोर होईल,” असे नातेवाईक मला नेहमी म्हणतात. पण न पडता रोज चालणे हाही पायाचा व्यायामच आहे. फिजिओथेरपी मात्र चालूच ठेवा. ताकद परतली की स्प्लिंट बदलता किंवा बंद करता येतो.

वापरताना हे लक्षात ठेवा

• स्प्लिंट बुटासोबतच घाला. नुसत्या स्प्लिंटने फरशीवर पाय घसरतो. घरासाठी मागे पट्टा असलेली वेगळी पादत्राणे ठेवा.
• टाचेची उंची बदलली की घोट्याचा कोन बदलतो. नवे बूट घेताना तंत्रज्ञांना दाखवा.
• आत सुती मोजा घाला. काढल्यावर त्वचा तपासा. अर्ध्या तासानंतरही लाली राहिली, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या. मधुमेह असेल किंवा पायाला संवेदना कमी असेल, तर रोज पाहा.
• काठी चांगल्या बाजूच्या हातात धरा. दुबळ्या पायावरचा भार कमी होतो.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

तोंड अचानक वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो नवा झटका असू शकतो. अशा वेळी उद्याची वाट पाहू नका.