स्नायूंकडून येणारी शिदोरी

पायाचा अंगठा हलवायचा तर हुकूम पाठीच्या कण्यातून निघतो, हे आपण शाळेत शिकलो. तिथल्या मोटर न्यूरॉन नावाच्या चेतापेशीचा तंतू थेट पावलापर्यंत जातो. मोठ्या माणसात तो जवळजवळ एक मीटर लांब असतो. पण याच तंतूतून उलट्या दिशेनेही काही येत असते. स्नायू आपल्या चेतापेशीला जगण्यासाठी काही प्रथिने पाठवतो, वाटेत तंतूभोवतीच्या पेशीही त्यात भर घालतात. ग्रोथ फॅक्टर म्हणतात ते हेच.

हे उमगले ते कोंबडीच्या अंड्यांमुळे. १९३४ साली व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी अंड्यातल्या पिल्लाच्या पंखाचा अंकुर काढून टाकला, तेव्हा पंखाकडे जाणाऱ्या चेतापेशी फारच कमी दिसल्या. त्या तयारच झाल्या नसाव्यात, असे त्यांना वाटले. हा निबंध इटलीत रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी वाचला. त्या ज्यू. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झालेले. त्यांनी तुरीनमधल्या घरी, निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणकामाच्या सुया घासून हत्यारे केली, आणि बॉम्ब पडू लागल्यावर सगळे बिऱ्हाड खेड्यात हलवले. युद्धात अंडी दुर्मिळ, म्हणून प्रयोगानंतर उरलेल्याचे ऑम्लेट व्हायचे! त्यांना दिसले ते वेगळेच: पेशी तयार होतात, वाढू लागतात आणि मग मरतात. पंखच नाही, तर शिदोरी कोण धाडणार?

हॅम्बर्गर यांनी त्यांना १९४७ साली सेंट लुईसला बोलावले. एका सत्रापुरत्या आल्या आणि सुमारे तीस वर्षे राहिल्या. (आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.) तिथे स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांनी 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' शोधला, १९८६ चे नोबेल मिळाले. गंमत म्हणजे हे प्रथिन मोटर न्यूरॉनचे नव्हेच. ते संवेदना वाहणाऱ्या आणि काही इतर चेतापेशींना पोसते. मोटर न्यूरॉनना जगवणारी बीडीएनएफ, जीडीएनएफ ही भावंडे पुढे सापडली.

मग एएलएससारख्या आजारात, जिथे मोटर न्यूरॉनच मरत जातात, ही प्रथिने टोचून का देऊ नयेत? १९९० च्या दशकात हे करून पाहिले. मोठ्या आशेने रुग्ण पुढे आले, आणि फायदा दिसला नाही. कातडीखाली टोचलेले प्रथिन रक्तातून कण्यातल्या पेशींपर्यंत सहजी पोचत नाही, शिवाय लवकर विरते. एका प्रथिनाने तर खोकला, ताप आणि वजन घटणे एवढेच पदरात टाकले. याउलट डोळ्याच्या बुबुळाच्या एका आजारावर नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचे थेंब अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले, कारण तिथे औषध नेमके हव्या त्या जागी घालता येते.

म्हणून भारतातल्या मावशीने किंवा काकांनी "तिकडून नसा वाढवणारी ती पावडर घेऊन ये" म्हटले, तर मला वाईट वाटते. ग्रोथ फॅक्टर हे प्रथिन. पोटात गेले की वरणासारखेच पचते.

हातापायाची नस तुटली तर मात्र शरीर स्वतःच मदतीला धावते. जखमेपलीकडच्या पेशी काही काळ जीडीएनएफ, बीडीएनएफ भरपूर बनवतात आणि वाढत्या तंतूला वाट दाखवतात. पण महिने लोटले की हा पुरवठा आटत जातो आणि स्नायूही सुकतो. "डिसेंबरात भारतात गेलो की करून घेऊ" असे म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणे महागात पडते ते यामुळे. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपराजवळ तुटलेली नस तळहातापर्यंत, म्हणजे ३०० मिलिमीटर, जायची तर दहा महिने लागतात, आणि तोवर स्नायू तिची वाट पाहत असतो.