जुन्या सेदान मोटारीचे शर्यतपथासाठी रूपांतर : तांत्रिक, आर्थिक व वैधानिक विवेचन

प्रस्तावना :

मोटार ही भारतीय मध्यमवर्गाच्या दृष्टीने दीर्घकाळ प्रतिष्ठेची वस्तू राहिली आहे. तथापि प्रतिष्ठेची वस्तू जुनी झाली की तिची किंमत झपाट्याने उतरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. या मर्यादेच्या आसपास आलेली सेदान मोटार जुन्या बाजारात अत्यल्प किमतीस मिळते. सर्वसाधारण ग्राहकास ती नकोशी असते, परंतु शर्यतपथावर मोटार चालविण्याची हौस असणाऱ्यास हीच मोटार उपयुक्त ठरते. ती बिघडली वा ठोकरली गेली तरी मोठे आर्थिक नुकसान होत नाही आणि तिचे सुटे भाग सहज उपलब्ध असतात.

अशा रूपांतरास केवळ हौसेची बाब मानून चालणार नाही. पदार्थविज्ञान, धातुशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा या चारही शाखांचा त्यात संबंध येतो. पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा, हा यातील कळीचा प्रश्न आहे. हा क्रम चुकल्यास चालकाच्या जिवावर बेतू शकते. महाविद्यालयीन तरुणांमध्ये मोटारीत फेरबदल करण्याचे आकर्षण असल्याने अध्यापकांनीही या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे :

१) अल्पखर्ची शर्यत-मोटारीच्या संकल्पनेची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) रूपांतरातील तांत्रिक टप्प्यांचा अग्रक्रम स्पष्ट करणे.
३) सुरक्षा व कायदा यांविषयीच्या तरतुदींचा परामर्श घेणे.

पार्श्वभूमी :

स्वस्त मोटारींच्या शर्यतीचे सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेतील ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ हे होय. ही स्पर्धा २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे प्रथम भरली. फ्रान्समधील ल माँ येथे १९२३ पासून होणाऱ्या सुप्रसिद्ध २४ तासांच्या शर्यतीच्या नावावर केलेली ही कोटी आहे. अमेरिकन बोलीत ‘लेमन’ म्हणजे सदोष निघालेली मोटार. मोटारीची किंमत ५०० डॉलरपेक्षा अधिक नसावी, ही या स्पर्धेची मुख्य अट. मात्र सुरक्षेची साधने, ब्रेक व टायर यांवरील खर्च या मर्यादेत धरला जात नाही. वरवर विनोदी वाटणाऱ्या या नियमात मोठे शहाणपण आहे. वेग वाढविण्यासाठी पैसा मर्यादित आणि जीव वाचविण्यासाठी अमर्याद, हा अग्रक्रम नियमातूनच घालून दिलेला आहे.

भारतातही काटकसरीच्या शर्यतीची परंपरा आहे. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० मोटारीच्या इंजिनाचा उपयोग करून एकआसनी शर्यत-मोटार तयार केली. ‘फॉर्म्युला मारुती’ या नावाने ती प्रसिद्धीस आली. २००५ मध्ये फॉर्म्युला वन स्पर्धेत उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांनी आरंभीच्या काळात याच प्रकारात अनुभव मिळविला. बाजारातील सामान्य सुट्या भागांवर शर्यतीचे शिक्षण उभे राहू शकते, हे यावरून सिद्ध होते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई व कोइमतूरजवळील करी मोटर स्पीडवे हे या क्षेत्रातील प्रमुख शर्यतपथ होत.

मोटारीची निवड :

विवेचनाच्या सोयीसाठी मारुती एस्टीम या मोटारीचे उदाहरण घेता येईल. १९९० मध्ये आलेल्या मारुती १००० या मोटारीची ही सुधारित आवृत्ती १९९४ मध्ये बाजारात आली व २००७ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. तिचे इंजिन १२९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे असून नंतरच्या आवृत्तीत त्याची शक्ती ८५ अश्वशक्ती होती. मोटारीचे वजन मात्र सुमारे ८७५ किलोग्रॅम एवढेच. कमी वजन हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. भारतीय रॅली व शर्यतींमध्ये तिचा विपुल वापर झाला, त्याचे एक कारण हेच.

खरेदी करताना रंग व आसने यांच्यापेक्षा सांगाड्याकडे लक्ष द्यावे. दाराखालील पट्टी, जमिनीचा पत्रा आणि शॉक अबसॉर्बर ज्या ठिकाणी बसविलेले असतात तेथील पत्रा गंजलेला असल्यास मोटार कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. इंजिन बदलता येते, कुजलेला सांगाडा बदलता येत नाही. गंजलेल्या पत्र्यास वेल्डिंगने जोडलेला संरक्षक पिंजरा अपघातसमयी पत्रा फाडून निसटण्याचा धोका असतो.

रूपांतराचे तांत्रिक टप्पे :

अ) दुरुस्ती : पहिला टप्पा सुधारणेचा नव्हे, दुरुस्तीचा असतो. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, रेडिएटरचे होज पाइप, व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट व रबरी बुश नवे घालावेत. रस्त्यावर वर्षानुवर्षे निभावून जाणारा दोष शर्यतपथावर काही फेऱ्यांतच उघड होतो, कारण तेथे इंजिन सातत्याने उच्च फेऱ्यांवर चालते.

आ) ब्रेक : शर्यतपथावर सर्वाधिक ताण ब्रेकवर येतो. मोटार व चालक मिळून ९५० किलोग्रॅम वजन गृहीत धरल्यास ताशी १२० किलोमीटर वेगास गतिज ऊर्जा सुमारे ५२८ किलोज्यूल असते. वेग ६० वर आणला की ती १३२ किलोज्यूल उरते. टायर व हवेचा रोध वगळल्यास उर्वरित ३९६ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने सुमारे सव्वा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळबिंदूपर्यंत तापू शकते. ही क्रिया प्रत्येक फेरीत अनेकदा घडते. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो. बाष्प शोषल्यावर तो १४० अंश धरला जातो. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. तेल उकळले की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पॅडल तळाला जाऊनही मोटार थांबत नाही. ताजे डॉट ४ तेल व उष्णता सहन करणारे ब्रेक पॅड ही सर्वांत स्वस्त व सर्वांत आवश्यक सुधारणा होय.

इ) टायर : वळणावरील कमाल वेग इंजिनावर नव्हे, पकडीवर अवलंबून असतो. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षणगुणांक ०.८ असल्यास कमाल वेग ताशी सुमारे ७१ किलोमीटर येतो, गुणांक १.० झाल्यास तो सुमारे ८० होतो. इंजिनास हात न लावता मिळणारा हा लाभ आहे. जुने, कडक झालेले टायर नक्षी शिल्लक असली तरी टाकून द्यावेत.

ई) वजन : मागील आसन, गालिचे, ध्वनिरोधक थर व वातानुकूलन यंत्रणा काढून ७५ किलोग्रॅम वजन घटविले, तर चालकासह ९५० किलोग्रॅमचे ८७५ होतात. शक्ती व वजन यांचे गुणोत्तर त्यामुळे सुमारे साडेआठ टक्क्यांनी सुधारते. अर्थात संरक्षक पिंजऱ्यामुळे ३० ते ४० किलोग्रॅम वजन परत वाढते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

उ) शीतन व वंगण : लांब वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूस सरकते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो व बेअरिंग क्षणार्धात निकामी होते. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसविल्यास हा धोका कमी होतो. तेलाची पातळी व रेडिएटरची स्वच्छता नियमित तपासावी.

ऊ) निलंबन : कडक स्प्रिंग व चांगले शॉक अबसॉर्बर यांमुळे मोटारीचा झोल कमी होतो. स्प्रिंग केवळ कापून मोटार खाली आणण्याची गॅरेजमधील प्रथा मात्र घातक आहे, कारण चाकाची हालचाल कुंठित होऊन पकड उलट घटते.

इंजिनाची शक्ती वाढविणे हा टप्पा यानंतरचा. दुर्दैवाने बहुसंख्य हौशी मंडळी आवाज करणारा सायलेन्सर बसवून नेमकी तेथूनच सुरुवात करतात.

सुरक्षा :

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार संरक्षक पिंजऱ्याची मुख्य कमान थंड प्रक्रियेने ओढलेल्या, सांधेविरहित पोलादी नळीची असावी लागते. नळीचा व्यास किमान ४५ मिलिमीटर व जाडी २.५ मिलिमीटर, किंवा व्यास ५० व जाडी २ मिलिमीटर असावी, असे हे नियम सांगतात. पाणी वाहून नेण्याच्या नळीपासून बनविलेला पिंजरा दिसण्यात सारखा असला तरी अपघातात चिरडला जाऊ शकतो. यासोबत शर्यतीचे आसन, अनेक पट्ट्यांचा सुरक्षापट्टा, हेल्मेट, मानेचे संरक्षण, अग्निशामक व विद्युतप्रवाह तोडणारा बाह्य स्विच आवश्यक आहेत. ही साधने परस्परपूरक असतात. हेल्मेट न घालता पिंजरा बसविलेली मोटार चालविल्यास तीच पोलादी नळी डोक्यावर आदळून प्राणघातक ठरू शकते. शर्यतपथासाठी केलेली सुरक्षा रस्त्यावर असुरक्षा होते, ती अशी.

वैधानिक बाजू :

मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात फेरबदल करण्यास प्रतिबंध करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीस दुजोरा दिला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५००० रुपये दंड वा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सर्वसाधारण विमापत्रातही शर्यत व वेगचाचणी यांतील हानी वगळलेली असते.

यावरून असे दिसते की, रूपांतरित मोटार रस्त्यावर व शर्यतपथावर दोन्हीकडे वापरण्याचा विचारच सोडून द्यावा लागतो. ती वाहनतळावरून दुसऱ्या वाहनात चढवून शर्यतपथावर न्यावी लागते. नोंदणीबाबतची पुढील कार्यवाही परिवहन कार्यालयाच्या सल्ल्याने करणे इष्ट होय. हा वाहतुकीचा खर्च मोटारीच्या किमतीशी तुलना करता लहान नसतो, म्हणून तो अंदाजपत्रकात प्रारंभीच धरला पाहिजे.

निष्कर्ष :

१) मोटारीची खरेदी हा रूपांतराचा सर्वांत लहान खर्च आहे; सुरक्षा, टायर, ब्रेक व वाहतूक यांवर त्याहून अधिक खर्च होतो.
२) सांगाडा, दुरुस्ती, ब्रेक, टायर, सुरक्षा आणि सर्वांत शेवटी शक्ती, हा अग्रक्रम शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय आहे. सुरक्षेची साधने पूर्ण झाल्याखेरीज मोटार शर्यतपथावर उतरवू नये.
३) कायद्याच्या चौकटीत ही हौस केवळ बंदिस्त शर्यतपथावरच भागविता येते.
४) अभियांत्रिकी व विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ऊर्जा, घर्षण व पदार्थांचे बळ या संकल्पना अशा प्रकल्पातून प्रत्यक्ष अनुभवता येतील.

तरुणांच्या वेगाच्या आकर्षणास केवळ निषेधाने आवर घालता येत नाही. त्या आकर्षणास योग्य स्थळ, योग्य क्रम व योग्य ज्ञान यांची जोड मिळाल्यास भंगारात जाणारी एक मोटार प्रयोगशाळेचे काम करू शकते. तसे न झाल्यास तीच मोटार रस्त्यावरील निरपराध माणसाच्या मृत्यूस कारण होते. हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे, हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.