शंभर गेमची सीडी, आणि खेळलो फक्त प्रिन्स

ज्यांनी हा भाग ऐकला त्यांना मध्येमध्ये कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या असतील, त्याबद्दल माफी. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा रेंज नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे", "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

तर झालं असं, की घरी साफसफाई करताना कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक सीडी सापडली. वर मार्करनं लिहिलेलं, "ॲडव्हेंचर १०० इन १". माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. शेवटी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जुना कॉम्प्युटर होता, तिथं घातली. घर्रर्र असा आवाज झाला आणि फोल्डर दिसायला लागले. प्रिन्स. डेव्ह. झॉर्क. मंकी. किंग्ज क्वेस्ट. दुकानदार म्हणाला, "काहून बावा, हे अजून जपून ठेवलंय?"

तुमच्यापैकी जे वीस-बावीसचे आहेत, त्यांना एवढं सांगतो की दोन हजार सालानंतरची काही वर्षं यवतमाळ, पुसद, दारव्हा, दिग्रस, कुठेही जा, गेम डाउनलोड करायची सोय अशी नव्हतीच. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, मग तालुक्या-तालुक्यात एमएस-सीआयटीचे क्लास निघाले. आपल्याकडच्या कितीतरी पोट्ट्यांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथं. आणि गेम यायचे ते अशा सीडीवरून, एकाकडून दुसऱ्याकडे. चोरीची कॉपी होती, हे सरळच सांगतो. तेव्हा ती चोरी आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं.

एका सीडीत शंभर गेम मावायचे कसे? सीडी साधारण ७०० एमबीची. आणि प्रिन्स ऑफ पर्शिया आख्खा एक एमबीच्या आत. झॉर्कच्या पहिल्या भागाची मूळ फाइल शंभर केबीपेक्षा लहान. आज व्हॉट्सॲपवर आलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो.

आता खरा मुद्दा. शंभर गेम होते, त्यातले कित्येक जगात गाजलेले. मग आपल्याकडे ज्याला विचारावं तो फक्त प्रिन्स आणि डेव्हच काहून सांगतो? मी आधी म्हणायचो, आपल्याला उड्या आणि तलवारी आवडतात म्हणून. आता सीडी परत चाळल्यावर वाटतं, कारण वेगळं आहे.

ॲडव्हेंचर गेम हा प्रकार सुरू झाला तो चित्रांशिवाय. अमेरिकेत विल क्राउदर नावाचा प्रोग्रॅमर होता, त्याला गुहांमध्ये उतरायचा छंद. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांवरून त्यानं १९७६ च्या सुमारास एक खेळ लिहिला. पडद्यावर फक्त मजकूर: तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, इकडे रस्ता आहे, तिकडे दिवा पडलाय. तुम्ही टाइप करायचं की काय करता. १९७७ मध्ये डॉन वुड्सनं त्यात खजिने, कोडी वाढवली. त्या खेळाचं नाव ॲडव्हेंचर, आणि त्यावरून पुढं सगळ्या जातीलाच ते नाव पडलं. तो खेळून एमआयटीतल्या चौघांनी झॉर्क लिहिला, मग १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी निघाली. १९९१ मध्ये ॲक्टिव्हिजननं इन्फोकॉमचे वीस गेम एकाच खोक्यात विकायला काढले. म्हणजे "एकात अनेक" ही कल्पना आपल्या सीडीवाल्यांची नाही, कंपन्यांचीच आहे.

आमच्या सीडीत झॉर्क होता. उघडला की काळा पडदा, चार ओळी इंग्रजी, आणि खाली लुकलुकणारी खूण. ती वाट पाहतेय की तुम्ही काहीतरी इंग्रजीत लिहा. आम्हाला वाटलं, सीडी खराब आहे. बंद केला.

इथं एक तारीख आठवा. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० मध्ये. त्याआधी शाळेत गेलेल्यांना एबीसीडी भेटायची पाचवीत. अशा पोराला तुम्ही म्हणता, इंग्रजीत वाक्य लिही, स्पेलिंग चुकलं तर खेळ म्हणणार मला कळलं नाही. कोण खेळेल?

चित्रं आल्यावर फरक पडला, पण थोडाच. सिएराचा किंग्ज क्वेस्ट १९८४ चा. त्यात माणूस चालताना दिसतो, पण "दार उघड" हे अजून टाइपच करायचं. लुकासफिल्म गेम्सच्या रॉन गिल्बर्टला या टायपिंगचा वैताग होता. १९८७ च्या मॅनियाक मॅन्शनमध्ये त्यानं क्रियापदांची यादीच पडद्याच्या खाली लावली. उघड, ढकल, उचल, दे. यादीतल्या शब्दावर क्लिक करा, वस्तूवर क्लिक करा, झालं. स्पेलिंगची कटकट गेली. वाचायची मात्र राहिली.

त्याच पद्धतीचा, १९९० चा, द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड. गेल्या महिन्यात मी तो पहिल्यांदा पूर्ण खेळलो, आणि खरं सांगतो, चरफडलो. त्यात तलवारीची लढाई आहे, पण तलवार महत्त्वाची नाही. समोरचा टोमणा मारतो, तुम्ही त्याला चोख उत्तर द्यायचं. जमलं तर तुम्ही पुढं सरकता. उत्तर माहीत नसेल तर हरायचं, पण हरताना नवा टोमणा शिकायचा. शेवटी जी उस्ताद तलवारबाज येते, ती वेगळेच टोमणे मारते, आणि तुमच्याकडची जुनी उत्तरं त्यांना कशी बसतात ते तुम्हाला शोधावं लागतं. अरे, हा तर कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब झाला! आपल्या आजोबांना पाच मिनिटांत कळला असता हा खेळ. आमच्या सीडीत तो पडून होता आणि आम्ही त्यातला चाचा पाहून "हा बोअर आहे, नुसता बोलतो" म्हणून पुढं गेलो.

आणि प्रिन्स?

प्रिन्स ऑफ पर्शियात सुरुवातीची थोडी गोष्ट सोडली तर वाचायला जवळपास काही नाही. जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाचा पळतानाचा, उड्या मारतानाचा व्हिडिओ घेतला, त्यातली एकेक चौकट काढून त्यावरून आकृती बनवली. १९८९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर गेम आला. माणूस पळताना लगेच थांबत नाही, दोन पावलं घसरतो. कडा पकडून लोंबकळतो. हे पाहूनच कळतं, इथून पडलो तर मरणार. भाषा लागत नाही.

पण त्यात नुसत्या उड्या नाहीत, कोडी आहेत, आणि तीही शब्दांशिवाय. चौथी लेव्हल आठवा. शेवटी मधेच आरसा उभा राहतो. वाट बंद. पळत येऊन आरशातून उडी मारायची, मग पलीकडच्या बाजूनं तुमचीच सावली निघून पळते आणि तुमची ताकद एक थेंब उरते. पुढं ती सावली तुम्हाला त्रास देते. तुमचं औषध पिते, तुमच्या तोंडावर दार पाडते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर येते. तुम्ही तिला मारता, तर तुमचीच ताकद कमी होते. तिला लागलं की तुम्हाला लागतं. आता काय? तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात.

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेला ओरडला, "अबे मारू नको, तूच मरून राह्यला!" आणि तिथून सुचलं. इंग्रजी लागली नाही, गुगल लागलं नाही.

एक जागा मात्र होती जिथं कागद लागायचा. पहिल्या लेव्हलनंतर एका खोलीत खूप बाटल्या, वर अक्षरं. गेमसोबतच्या पुस्तिकेत अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर बघा आणि ती बाटली प्या. चुकीची प्यायलात तर ताकद कमी व्हायची. ही कॉपी रोखायची युक्ती. मंकी आयलंडमध्ये त्यासाठी पुठ्ठ्याची फिरती चकती होती, चाच्यांचे अर्धे-अर्धे चेहरे जुळवायचे. आमच्याकडे ना पुस्तिका ना चकती. काही कॉप्यांत ती खोली आधीच निकामी केलेली असायची, नाहीतर अंदाजे पीत बसायचं. आणि "प्रिन्स मेगाहिट" टाइप करून गेम सुरू केला की लेव्हल उडवता येते, हे तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असायचं.

गेममध्ये वेळ साठ मिनिटं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी दाबून सेव्ह करता यायचं. उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या दिवसांत हे ज्याला माहीत होतं तो वर्गात राजा.

प्रिन्सचा आणि महाराष्ट्राचा पुढंही संबंध आला, तो थोडक्यात सांगतो. २००३ चा सँड्स ऑफ टाइम आणि त्याचे पुढचे दोन भाग नंतर प्लेस्टेशन ३ साठी एकाच डिस्कवर निघाले. आणि २०२० मध्ये युबिसॉफ्टनं जाहीर केलं की सँड्स ऑफ टाइम नव्यानं बनवायचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओकडे आहे. ट्रेलरवर लोकांनी टीका केली, तारखा पुढं गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. वाईट वाटलं. पण त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच नोडिंग हेड्स गेम्सचा राजी आला, त्यात भिंतीवरून पळणारी मुलगी बघा, प्रिन्सची नातेवाईक वाटते. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाजही आहे.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न: हे मोबाइलवर चालतं का? चालतं, आणि का चालतं ते समजून घ्या. जुन्या गेममध्ये दोन भाग वेगळे असायचे. एक कॅसेट, एक टेपरेकॉर्डर. गोष्ट, चित्रं, कोडी ही कॅसेट. ती वाजवणारा प्रोग्रॅम हा टेपरेकॉर्डर. इन्फोकॉमनं हे मुद्दाम केलं, कारण तेव्हा दहा कंपन्यांचे दहा प्रकारचे कॉम्प्युटर होते. प्रत्येकासाठी गेम नव्यानं लिहिण्यापेक्षा प्रत्येकासाठी एकेक टेपरेकॉर्डर लिहिला, कॅसेट तीच. लुकासफिल्मचंही तसंच. म्हणून २००१ मध्ये काही हौशी लोकांनी स्कमव्हीएम नावाचा नवा टेपरेकॉर्डर लिहायला घेतला, आणि तो आज अँड्रॉइडवर फुकट मिळतो. बेनीथ अ स्टील स्काय आणि फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन हे दोन चांगले जुने गेम मालकांनीच मोफत केलेत, स्कमव्हीएमच्या साइटवर कायदेशीर मिळतात. सुरुवात तिथून करा. मंकी आयलंड अजून विकत मिळतो, तो सेलमध्ये घ्या. माझ्या सीडीची कॉपी मागू नका, देणार नाही.

तसंही ती फार दिवस टिकणार नाही. घरी बर्न केलेल्या सीडीत माहिती साठते ती रंगाच्या पातळ थरात. उष्णता आणि ऊन त्याचे शत्रू, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीतच आहे. शंभरातले अकरा फोल्डर उघडलेच नाहीत. मेकनरच्या बाबतीतही हेच होणार होतं. प्रिन्सचा मूळ कोड हरवला असंच तो धरून चालला होता. २०१२ मध्ये वडिलांनी पाठवलेल्या खोक्यात जुन्या फ्लॉप्या निघाल्या, जाणकारांनी जपून वाचल्या, आणि त्यानं तो कोड सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकला.

झॉर्कचंही तसंच झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं झॉर्कच्या तिन्ही भागांचा कोड खुला केला. कुणीही घ्या, बदला. म्हणून माझ्या डोक्यात किडा वळवळला: तो मराठीत करून बघू या का?

करायला बसलो आणि मजा कळली. इंग्रजीत आज्ञेचा पहिला शब्द क्रियापद असतो, झॉर्क तिथंच बघतो. आपण म्हणतो "पेटी उघड", क्रियापद शेवटी. बरं, ते उलटं वाचायला शिकवता येईल. पण झॉर्क शब्दाची फक्त पहिली सहा अक्षरं तपासतो, बाकी सोडतो, जागा वाचवायला. इंग्रजीत चालतं, कारण शब्दाची सुरुवात बदलत नाही. आपला "दिवा" मात्र "दिव्यात तेल घाल" म्हटलं की दुसऱ्याच अक्षराला बदलतो. "घोडा"चा "घोड्यावर". "पाणी"चं "पाण्यात". म्हणजे प्रत्येक वस्तूची दोन-दोन रूपं शब्दकोशात घालावी लागणार. आणि देवनागरीची जोडाक्षरं त्या काळच्या एका चौकटीत एक अक्षर या हिशोबात बसत नाहीत, ते वेगळंच. स्कमव्हीएमवाल्यांनी हिब्रू उजवीकडून डावीकडे चालवून दाखवलीय, त्यामुळे अशक्य नाही, पण काम आहे.

सध्या माझ्याकडे चाळीस शब्द झालेत. पहिल्याच खोलीशी अडलोय. झॉर्क सुरू होतो तेव्हा तुम्ही एका पांढऱ्या घरासमोर असता आणि तिथं पत्रांची पेटी असते. मी "टपालपेटी" लिहिलं. भाचा दहावीत आहे, त्याला खेळायला दिलं. त्यानं लिहिलं, "डबा उघड". गेम म्हणाला, कळलं नाही. आता "डबा"ही घातलाय, "डब्यात"ही घातलाय. तुम्ही काय लिहिलं असतं ते मला पाठवा, तालुका सांगून. वणीवाले आणि उमरखेडवाले एकच शब्द वापरतील असं मला वाटत नाही.